आपला मजकूर शोधात का सापडत नाही?

काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाविषयी आज एखाद्या विद्यार्थ्याला काही जाणून घ्यावेसे वाटले तर तो प्रथम वाचनालयाची पायरी चढत नाही. तो मोबाइल काढतो, गुगलच्या चौकटीत तीनचार शब्द टाइप करतो आणि समोर जी पहिली पाचसहा उत्तरे येतात त्यांवर विश्वास ठेवतो. दुसऱ्या पानावर तो सहसा जात नाही. म्हणजे त्याच्यापुरता त्या सत्याग्रहाचा इतिहास त्या पाचसहा उत्तरांनी लिहिलेला असतो. ही गोष्ट आपल्याला आवडो वा न आवडो, शिक्षक म्हणून, कार्यकर्ते म्हणून तिचा गंभीरपणे विचार करणे आता भाग आहे. आपण विशेषांक काढतो, स्मरणिका काढतो, परिसंवाद भरवतो. अलीकडे काही मंडळांनी, वाचनालयांनी स्वतःची संकेतस्थळेही उभी केली आहेत. पण संकेतस्थळावर लेख चढवला की तो लोकांपर्यंत पोचला, हा समज भाबडा आहे. छापणे आणि पोचणे यांतले अंतर दलित नियतकालिकांना नवे नाही. गठ्ठे बांधून पडून राहिलेले अंक ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ते समजावून सांगायला नको.

नुसते 'काळाराम मंदिर' एवढेच शब्द दिले तर पुढे येते ते बहुतांशी पर्यटनाचे साहित्य: दर्शनाच्या वेळा, पंचवटीचा नकाशा, अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार ओढेकरांनी बांधलेल्या काळ्या पाषाणाच्या वास्तूचे वर्णन. २ मार्च १९३० रोजी या मंदिराची दारे आतून बंद करून घेण्यात आली आणि हजारो माणसे बाहेर उभी राहिली, हा मजकूर असलाच तर एखाद्या ओळीत असतो. हे कोणी ठरवून केलेले कारस्थान आहे काय? मला तसे वाटत नाही. यंत्राला जात नाही. पण ज्या समाजाने लिहिलेल्या मजकुरावर ते यंत्र पोसले आहे त्या समाजाला जात आहे, आणि म्हणून यंत्राचे काम कसे चालते हे समजून घेतल्यावाचून त्याविरुद्ध नुसती चीड व्यक्त करून भागणार नाही.

शोधयंत्र तीन कामे करते. त्याचा एक स्वयंचलित वाचक अहोरात्र या पानावरून त्या पानावर फिरत असतो. एका पानावरचा दुवा धरून दुसऱ्या पानावर जातो. जे वाचले त्याची तो सूची करतो, ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते तशी, मात्र अवाढव्य. आणि कोणी प्रश्न विचारला की त्या सूचीतून निवडलेली पाने क्रम लावून पुढे ठेवतो. यातली मधली पायरी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. आपण शोध घेतो तेव्हा यंत्र जगभर धावत नाही. ते आपल्या सूचीत पाहते. जे पान सूचीत नाही ते त्याच्या लेखी जगात नाही. आपली पुष्कळ पाने इथेच गळतात, क्रमाचा प्रश्न तर नंतरचा.

क्रम लावण्याची मूळ कल्पना लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या दोघा संशोधक विद्यार्थ्यांनी १९९८ साली मांडली. एका पानाने दुसऱ्या पानाचा दुवा दिला म्हणजे त्याने त्या पानाच्या बाजूने साक्ष दिली, असे त्यांनी धरले. मात्र सर्व साक्षी सारख्या वजनाच्या नाहीत. ज्याच्या बाजूने पुष्कळांनी साक्ष दिलेली आहे त्याच्या साक्षीला अधिक वजन. आज क्रम ठरवताना इतर शेकडो गोष्टी पाहिल्या जातात, तरी हे तत्त्व संपलेले नाही. त्याचा सामाजिक अर्थ उघड आहे. ज्यांची प्रतिष्ठा आधीच आहे त्यांची साक्ष चालते. मोठी दैनिके, विद्यापीठे, शासकीय खाती यांच्या पानांना वजन असते, आणि ती आपल्याकडे दुवा देत नाहीत. गावच्या चावडीवर कोणाचा शब्द चालत असे हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे गणित परके वाटू नये.

पैसे भरून वर मिळवलेल्या जागेवर 'प्रायोजित' अशी खूण असते. पैसे न भरता, मजकुराच्या बळावर जी जागा मिळते तिला या धंद्यात 'ऑरगॅनिक' म्हणतात. मराठीत कोणी त्याचे 'सेंद्रिय शोध' असे भाषांतर केले आहे. आमच्या नाशिककडे तो शब्द ऐकला की माणसाला द्राक्षाची बाग आठवते. आपण त्याला बिनपैशाची जागा म्हणू. ती विकत मिळत नाही आणि तिची हमी कोणी देऊ शकत नाही. 'पहिल्या क्रमांकावर आणून देतो' असे सांगून संस्थांकडून वर्गणीचे पैसे उकळणाऱ्यांना दारातूनच परत पाठवावे.

आता आपल्या पानांकडे वळू. पहिला दोष असा की आपले बरेचसे साहित्य यंत्राला वाचताच येत नाही. जुन्या अंकांची, पत्रकांची, ग्रंथांची छायाचित्रे काढून त्यांची पीडीएफ बनवली जाते आणि ती संकेतस्थळावर टांगली जाते. आपल्या डोळ्यांना ती अक्षरे दिसतात. यंत्राच्या दृष्टीने ते चित्र असते. चित्रातली अक्षरे ओळखण्याची सोय आता मराठीसाठीही आहे आणि शोधयंत्र स्वतःही काही प्रमाणात ते करते. पण फिकट शाई, जुने खिळे आणि तुटलेली जोडाक्षरे यांपुढे त्याची भंबेरी उडते. सोयीतून निघालेला मजकूर माणसाने मूळ पानाशी ताडून दुरुस्त करावाच लागतो. महाविद्यालयातल्या दहा विद्यार्थ्यांनी रोज एक पान तपासले तर वर्षभरात केवढे काम होईल याचा हिशेब शिक्षकवाचकांनी करावा. सगळे जमणार नसेल तर निदान प्रत्येक पीडीएफसाठी एक स्वतंत्र पान करावे आणि त्यावर त्या अंकाची तारीख, लेखांची नावे, लेखकांची नावे आणि प्रत्येक लेखात काय आहे हे चारपाच वाक्यांत टाइप करून ठेवावे. 'अंक पाहण्यासाठी येथे क्लिक करा' एवढ्याच ओळीने यंत्राला काही बोध होत नाही.

याच जातीचा दुसरा दोष जुन्या फॉन्टांचा. श्री-लिपी, शिवाजी, कृतिदेव असल्या फॉन्टांत जुळवलेला मजकूर तसाच उचलून संकेतस्थळावर टाकला जातो. या फॉन्टांत मराठी अक्षर हा नुसता मुखवटा असतो. कृतिदेवमध्ये पडद्यावर 'का' दिसते तेव्हा आत रोमन लिपीतली 'डी' आणि 'के' ही दोन अक्षरे साठवलेली असतात. यंत्र मुखवटा पाहत नाही, आतले पाहते. त्याला तिथे मराठी नव्हे, अर्थहीन रोमन अक्षरांची रास दिसते. उपाय युनिकोडचा. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली तेव्हापासून देवनागरीला त्यात जागा आहे, आणि जुन्या फॉन्टांतून युनिकोडात रूपांतर करणारी साधने फुकट मिळतात. तरीही आपल्या कित्येक जुळारीकामाच्या दुकानांत जुनीच पद्धत चालू आहे. छपाईसाठी ती चालेल, संकेतस्थळासाठी नाही.

आणि तिसरी अडचण आहे राजकारणाची आणि उच्चनीचतेची नव्हे, निव्वळ हव्हेलिखाणाची. आपले आजचे सर्वांत जिवंत लेखन व्हॉट्सॲपच्या गटांत होते. तिथे शोधयंत्राचा वाचक जाऊ शकत नाही. एखाद्या कार्यकर्त्याने आपल्या गावच्या १९६४ च्या भूमिहीन सत्याग्रहाच्या आठवणी रात्रभर जागून तिथे लिहिल्या, तर आठवड्याभरात त्या शुभेच्छांच्या ढिगाखाली जातात. त्या उचलून, लेखकाची परवानगी घेऊन, एका स्थिर पानावर ठेवणे हे संपादकाचे काम आहे.

आता शब्दांकडे. ज्याला शोधायचे आहे तो कोणता शब्द टाइप करील, हा प्रश्न लेखकाने स्वतःला विचारला पाहिजे. आपल्या चळवळीच्या बाबतीत तो वाटतो तितका सोपा नाही. नाशिकच्या सत्याग्रह समितीचे चिटणीस भाऊराव कृष्णाजी गायकवाड. त्या काळच्या कागदांत ते 'भाऊराव' आहेत, पुढे ते 'दादासाहेब' झाले, लोकांनी त्यांना 'कर्मवीर' म्हटले, आणि कोठे ते 'भा. कृ. गायकवाड' आहेत. जो लेख सुरुवातीपासून शेवटपर्यंत आदराने फक्त 'दादासाहेब' म्हणतो तो यंत्राला कोणत्या दादासाहेबांविषयी आहे हे कसे कळावे? गावाचे नावही तसेच. जुन्या ग्रंथांत 'नासिक' आहे, आज 'नाशिक' लिहितात. १३ ऑक्टोबर १९३५ ची धर्मांतराची घोषणा कोणी 'येवला' येथे झाली असे लिहितो, कोणी 'येवले' येथे. विहितगावात जन्मलेल्या बाबूराव बागूलांचे तर पाहावे: 'बाबूराव' की 'बाबुराव', 'बागूल' की 'बागुल', ऱ्हस्वदीर्घाच्या चार जोड्या होतात आणि चारही छापील पुस्तकांत आणि पत्रकांत सापडतात. शांताबाई दाणींचे आडनाव न देता कोणी 'शांताबाईंचे कार्य' असा मथळा दिला, तर त्याची गाठ अलीकडे गाजलेल्या एका गाण्याशी पडते, आणि त्या स्पर्धेत आपला लेख टिकणार नाही.

यावर उपाय शब्दांची खोगीरभरती नव्हे. पूर्ण नाव पहिल्या वाक्यात द्यावे, लोकांत रूढ असलेले नाव लगेच जोडावे, जुने लेखन एकदा सहज यावे: 'भाऊराव कृष्णाजी ऊर्फ दादासाहेब गायकवाड', 'त्या वेळच्या लेखनात नासिक'. चांगल्या चरित्रकाराने एरवीही हेच केले असते. यंत्र आता बरेचसे पर्याय ओळखू लागले आहे हे खरे. पण मराठीच्या बाबतीत त्याच्या समजुतीवर सर्व भार टाकणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

याहून सूक्ष्म एक प्रकार आहे, तो डोळ्यांना दिसतच नाही. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे २००८ साली आले. त्यापूर्वी आणि पुष्कळ ठिकाणी आजही ते 'अ' वर अर्धचंद्र ठेवून लिहिले जाते. कागदावर दोन्ही सारखे, आत दोन निराळे. आपल्या दृष्टीने हा बारकावा क्षुल्लक नाही, कारण ज्या शब्दाची आपल्या माणसाला सर्वांत अडचणीच्या वेळी गरज पडते तो 'ॲट्रॉसिटी' हा शब्द याच अक्षराने सुरू होतो. तसेच काही कळफलकांवर आणि रूपांतरांत 'आ' ऐवजी 'अ' ला काना जोडला जातो. मग 'आंबेडकर' हे नाव दिसते बरोबर आणि साठते चूक. रूपांतर केलेल्या प्रत्येक मजकुरात हे नाव शोधून पाहावे. सापडले नाही, आणि डोळ्यांना मात्र दिसते आहे, तर रोग कोठे आहे ते कळेल.

ॲट्रॉसिटीचा विषय निघालाच आहे तर तिथे थोडे थांबू, कारण शोधाचा प्रश्न हा केवळ कीर्तीचा प्रश्न नाही हे तिथे कळते. गावात मारहाण झाली आहे, जातीवरून शिवीगाळ झाली आहे, पोलीस ठाण्यात फिर्याद घ्यायला टाळाटाळ चालली आहे. त्या रात्री त्या घरातला बारावी झालेला मुलगा मोबाइलवर काय टाइप करील? तो 'अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९' असे टाइप करणार नाही. तो लिहील, 'पोलीस ॲट्रॉसिटी केस घेत नाही काय करायचे'. कदाचित रोमन अक्षरांत मराठी लिहील. आणि आपल्या संकेतस्थळांवर या विषयाचे जे लेख असतात ते सुरू होतात मनुस्मृतीपासून, मग संविधानाचे सतरावे कलम, मग १९५५ चा कायदा. लेख विद्वत्तापूर्ण असतो. त्या मुलाला हवे असलेले वाक्य सोळाव्या परिच्छेदात असते किंवा नसतेच.

ते वाक्य वर यायला हवे, आणि त्याच्याच शब्दांत. मथळा असावा: 'पोलिसांनी ॲट्रॉसिटीची फिर्याद घेतली नाही तर काय करावे'. पहिल्याच परिच्छेदात उत्तर: फिर्यादीतला मजकूर लेखी स्वरूपात, टपालाने, जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येतो, पोच जपून ठेवावी, दलित वा आदिवासी नसलेल्या लोकसेवकाने या कायद्याखालचे कर्तव्य जाणूनबुजून टाळले तर कलम ४ प्रमाणे तोही शिक्षेस पात्र होतो, तपास उपअधीक्षकापेक्षा खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे नसावा. इतिहास त्यानंतर यावा, जरूर यावा. यंत्रही हाच क्रम पसंत करते, कारण प्रश्नाला सरळ उत्तर देणारा परिच्छेद उचलून दाखवणे त्याला सोपे जाते. येथे यंत्राची सोय आणि पीडिताची सोय एकच आहे.

आणि असे पान एकदा लिहून विसरता येत नाही. २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात, गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशी करता येईल असा निकाल दिला. त्याविरुद्ध २ एप्रिलचा भारत बंद झाला. ऑगस्ट २०१८ मध्ये संसदेने कलम १८-अ घालून अशा चौकशीची गरज नाही हे स्पष्ट केले आणि १० फेब्रुवारी २०२० रोजी न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. ज्या संस्थेने २०१८ च्या उन्हाळ्यात संतापून लेख लिहिला आणि नंतर त्याला हात लावला नाही, तिचे पान आजही वाचकाला सांगत असेल की आधी चौकशी होईल. ठाण्यातला हवालदार तेच सांगतो, आणि आपले पान त्याला दुजोरा देते! १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, त्यामुळे कलमांचे आकडेही बदलले. पानावर 'शेवटची दुरुस्ती' म्हणून तारीख असावी आणि ती खरी असावी. मजकूर तोच ठेवून तारीख मात्र दरमहा पुढे सरकवण्याची युक्ती काही लोक करतात. वाचकाची ती फसवणूक आहे.

मथळ्याविषयी आमच्या कवीमित्रांशी माझा मतभेद होतो. सत्याग्रहावरील लेखाला 'पेटलेला गोदाकाठ' असा मथळा देण्याचा त्यांचा आग्रह असतो. अंकात तो शोभेल. अंकाचा वाचक अंक हातात घेऊन बसलेला असतो, त्याला विषय कळायला पान उलटावे लागते एवढेच. शोधयंत्रावर मथळा हा सूचीतल्या नोंदीसारखा वाचला जातो. तिथे 'काळाराम मंदिर सत्याग्रह, नाशिक: १९३० ते १९३५' असेच असले पाहिजे. 'पेटलेला गोदाकाठ' त्याखाली उपमथळा म्हणून खुशाल राहू द्यावा. लांब लेखात पोटमथळेही असेच बोलके असावेत. 'पार्श्वभूमी' या पोटमथळ्याने कोणाला काही कळत नाही. 'रामनवमीच्या रथावरून झालेला संघर्ष' याने कळते. छायाचित्राखाली, आणि छायाचित्राच्या मागे जी वर्णनाची जागा असते तिच्यातही, कोण, कोठे, केव्हा हे लिहावे. अंध वाचकाचे यंत्र तीच ओळ वाचून दाखवते. पान मोबाइलवर लवकर उघडले पाहिजे, कारण वाचक आणि शोधयंत्राचा वाचक दोघेही आता मोबाइलचीच आवृत्ती पाहतात. पानामागे लपवलेल्या कीवर्डांच्या यादीवर मात्र वेळ घालवू नये. गुगल त्या यादीकडे पाहत नाही, हे त्या कंपनीनेच २००९ साली जाहीर केले आहे.

राहिला साक्षीचा प्रश्न. मोठे लोक आपल्याला दुवा देत नाहीत ही तक्रार रास्त आहे, पण आपण तरी एकमेकांना देतो काय? वामनदादा कर्डकांवर सिन्नरच्या एखाद्या मंडळाने पान केले असेल, येवल्याच्या मुक्तिभूमीविषयी दुसऱ्याने, गायकवाडांवर तिसऱ्याने; तिघांपैकी कोणीही दुसऱ्याचे नाव घेत नाही. गटबाजी संकेतस्थळांवरही उतरली आहे. लेखात जिथे जिथे दुसऱ्याच्या अभ्यासाचा आधार घेतला आहे तिथे त्या पानाचा दुवा द्यावा, आणि दुव्याच्या शब्दांत विषय असावा, 'येथे पाहा' नसावे. प्राध्यापकांनी आपल्या महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर संदर्भसाहित्याची यादी चढवून घ्यावी; महाविद्यालयाच्या साक्षीला वजन असते. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे आणि तिथे कोणीही लिहू शकतो, मात्र विधानांना विश्वासार्ह प्रकाशित आधार द्यावा लागतो. ते बंधन आपल्या हिताचेच आहे, कारण आधार आपल्याकडे आहेत. शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांचे खंड आहेत, त्या काळची वृत्तपत्रे आहेत. याउलट दुवे विकत घेणे, देवघेवीचे करार करून शेकडो पाने एकमेकांना बांधणे, हे प्रकार यंत्र ओळखते आणि २०१२ पासून त्यासाठी शिक्षाही करते.

यंत्राकडून ढिगाने लेख लिहवून घेण्याची नवी साथ आली आहे. असे लेख भाषेत गुळगुळीत असतात आणि तारखांत बेभरवशाचे. शोधयंत्राने २०२४ साली त्यांविरुद्ध नियम केला. नियम नसता तरी आपण ते टाळायला हवे होते, कारण आपल्याजवळ जे आहे ते दुसऱ्या कोणाजवळ नाही: आजोबांच्या ट्रंकेतले पत्र, सत्याग्रहींची नावे असलेली वही, आजीने सांगितलेली हकिगत. जगात फक्त एकाच ठिकाणी असलेला मजकूर हीच शोधात टिकणारी खरी पुंजी. आता तर गुगल पुष्कळदा उत्तर स्वतःच जुळवून वर ठेवते, आणि वाचक पानापर्यंत येतही नाही. पण ते उत्तर कोणाच्या तरी पानांवरूनच जुळवलेले असते. ती पाने कोणाची असावीत, एवढा निर्णय अजून आपल्या हाती आहे.

काम कसे चालले आहे हे पाहण्याचे साधन फुकट आहे. गुगलच्या सर्च कन्सोलवर संकेतस्थळाची नोंद केली की लोकांनी कोणते शब्द टाइप केले तेव्हा आपले पान दिसले, कितव्या क्रमांकावर दिसले, कितीजणांनी उघडले, आणि कोणती पाने सूचीतच गेली नाहीत, हे सर्व कळते. मंडळाच्या बैठकीत जमाखर्चाबरोबर हा कागदही महिन्यातून एकदा वाचावा. एखादा प्रश्न वारंवार विचारला जातो आणि त्याला आपल्याकडे पान नाही असे दिसले, तर पुढच्या अंकाचा विषय आयताच मिळतो.

नवे पान सूचीत येऊन क्रमात स्थिरावायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. २ मार्च २०३० रोजी काळारामच्या सत्याग्रहाला शंभर वर्षे होतील. त्या आठवड्यात सगळी दैनिके लिहितील, आणि त्यांची पाने वर येतील. ज्यांना त्या दिवशी आपले पान सापडावे असे वाटते त्यांनी गायकवाडांच्या कागदांचे, सत्याग्रहींच्या नावांचे टाइपिंग आताच सुरू करावे.